नंबर

पाण्यात रांग नसते, तरी नंबर असतो.
लाट जिथे फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची.
बाकीच्यांनी हात आवरायचे, बोर्ड मागे खेचायचा.
हे कुठे लिहिलेलं नाही.
दोन महिने शिव्या खाल्ल्या, तेव्हा पाठ झालं.

रविवार. लिमाचं आभाळ नेहमीसारखं,
धुतल्या-न-धुतल्या चादरीच्या रंगाचं.
कड्याखालच्या रस्त्यावर गाड्या नाकाला नाक लावून,
आणि पाण्यात साठ-सत्तर डोकी,
काळी, ओली, एकसारखी,
कुणी मोठ्या पातेल्यात घेवडा भिजत घातल्यासारखी.
शिकाऊ पोरं पिवळ्या बोर्डांवर आडवी,
मास्तर ओरडतो, ऊठ! ऊठ!
आणि पोरं उठतात ती थेट दुसऱ्याच्या पाठीवर.

इथे वाळू नाही. गोटे आहेत.
लाट मागे सरली की सुपात पाखडल्यासारखे वाजतात.
अनवाणी चालायचं तर वाकून, दोन्ही हात पसरून,
प्यायलेल्या माणसासारखं.

वेटसूट मी विल्मरकडून भाड्याने घेते.
गुडघ्याला ठिगळ, मानेशी आधीच्या कुणाचा तरी घाम.
बोर्डही त्याचाच, नाक फुटून चिकटवलेलं.
"यानेत, फोडलास तर पगार तुझा," म्हणतो,
आणि दर वेळी पाच सोल कमी घेतो.

लाटा मी शिकले अकराव्या मजल्यावर,
सेन्योर अल्सामोरांच्या शर्टांना इस्त्री करताना.
खिडकी समोर, पाणी खाली.
कॉलर, कफ, पाठ. मग वर बघायचं.
चार छोट्या येतात, मग जरा शांत, मग तीन मोठ्या,
आणि तिन्हींतली दुसरी धक्क्याच्या डावीकडे नीट उलगडते.
दोन वर्षं. एक कॉलर जळली नाही.
(एक जळली. ती कचऱ्यात खोल पुरली.)

आईला अजून सांगितलेलं नाही.
आमच्या डोंगरात पाणी म्हणजे कालव्याची पाळी.
रात्री दोनला उठायचं, कंदील घ्यायचा,
फावडं टेकून बांधावर उभं राहायचं,
नाहीतर शेजारी आपलं पाणी वळवून नेतो.
तिथेही लिहिलेलं काही नव्हतं.
आईचा आवाज मात्र पलीकडच्या उतारापर्यंत जायचा.

आज दुसरी आली.
लांबूनच ओळखलं, तिच्या पाठीवरच्या घडीवरून.
वळले. छाती बोर्डाला, हनुवटी वर, हात मारत सुटले.
उजवीकडून एक माणूस तसाच वळलेला,
नवाकोरा बोर्ड, पांढऱ्या मिशा.
त्या मिशा मी रोज बघते, कपाच्या काठावर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
काळा सूट, गालाला चिकटलेले केस. कोण ही? कुणी नाही.
अजून दोन हात मारले असते तर लाट त्यांना मिळाली असती.
मी ओरडले, "माझी!"
त्या घरात मी एवढ्या मोठ्याने कधी बोललेले नाही.
आग लागली असती, तरी मी आधी दारावर टकटक केली असती.

त्यांनी बोर्ड मागे खेचला.
"जा, सेन्योरिता, जा!"

गेले.
पाय कुठे पडले, आठवत नाही.
वाटेत एक पिवळा बोर्ड, शेजारी पालथं पोरगं,
त्याला वळसा घालताना वेगच गेला.
सात सेकंद? आठ?
मग गोट्यांवर गुडघा, ठिगळाशेजारी नवं भोक.
विल्मरने भोक पाहिलं. या वेळी पैसे पूर्ण घेतले.

सोमवारी सहा शर्ट.
सेन्योर नाश्त्याला बायकोला सांगत होते,
काय गर्दी काल पाण्यात, हल्ली कुणीही येतं,
एक पोरगी तर अंगावर ओरडली.
मग टोस्टला लोणी लावता लावता,
"पण लाट तिचीच होती."

मी कॉफी ओतत होते.
साखर दोन चमचे, मला माहीत आहे.
तरी विचारलं,
किंचित मोठ्या आवाजात.